बजबजची मातीची चूल आणि ओलीचा बंदोबस्त

कलकत्त्याच्या नैऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलेल्या बजबज या कसब्याचे नाव इतिहासग्रंथांत जेव्हा जेव्हा येते, तेव्हा ते बहुधा कोणीतरी तेथे उतरले म्हणून येते. 1756 च्या डिसेंबरअखेर रॉबर्ट क्लाइव्ह कलकत्ता परत जिंकण्यासाठी निघाला असता त्याची फौज याच परिसरात उतरली, आणि नवाबाच्या वतीने माणिकचंदाच्या ताब्यात असलेला इथला किल्ला, सेनापतींच्या मसलती चालू असतानाच, मद्याच्या धुंदीत एकटाच तटात घुसलेल्या एका इंग्रज खलाशाच्या उपद्व्यापामुळे पडला. 1897 च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद बोटीतून उतरून आगगाडीने सियालदहला गेले ते बजबजहून, आणि 29 सप्टेंबर 1914 रोजी कॅनडाच्या किनाऱ्यावरून परत लोटलेल्या ‘कोमागाटा मारू’ जहाजाच्या पंजाबी उतारूंवर सरकारी गोळीबार झाला तोही बजबजलाच. परंतु जो उतारू दरवर्षी आषाढात न चुकता येतो, आश्विन लागेपर्यंत मुक्काम हलवीत नाही, आणि प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात विनापरवाना शिरतो, त्याची दखल कोणत्याही बखरकाराने किंवा गॅझेटिअरकाराने घेतलेली नाही. तो उतारू म्हणजे ओल. तिच्यापासून मातीच्या चुलीचे रक्षण कसे केले जाई, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नामागे तेल, कोळसा, कायदा आणि व्रते यांचा बराच गुंतागुंतीचा इतिहास दडलेला आहे.

आरंभ तेलापासून केला पाहिजे, कारण बजबजची अलीकडच्या शतकातील ओळख तागाच्या गिरण्यांइतकीच तेलाच्या टाक्यांची आहे. ज्वालाग्राही माल भरवस्तीलगतच्या गोदीत उतरवणे धोक्याचे, या विचाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्ता बंदराचा घासलेटाचा व्यवहार नदीच्या या खालच्या टप्प्यावर आला, आणि प्रथम अमेरिकेतून, मग काळ्या समुद्रावरील बाटुम बंदरातून, आणि पुढे ब्रह्मदेशातून येणारे तेल येथल्या धक्क्यांवर उतरू लागले. प्रारंभी हे तेल जहाजातून सुटे येत नसे. सुमारे चार गॅलनांचे दोन चौकोनी पत्र्याचे डबे एका लाकडी खोक्यात बसवून पाठवीत, आणि तेल संपल्यावर खोके व डबे दोन्ही ग्राहकाच्या घरी उरत. 1892 साली ‘म्युरेक्स’ ही तेलवाहू आगबोट सुएझच्या कालव्यातून पूर्वेकडे आल्यावर सुट्या तेलाची वाहतूक रूढ झाली खरी, तथापि गावोगावच्या दुकानदारास सुटे तेल नेणे शक्य नसल्याने डबा हटला नाही, फक्त तो परदेशाऐवजी इथे भरला जाऊ लागला. डब्यांची ही गरज एवढी मोठी होती, की 1920 मध्ये बर्मा ऑइल कंपनी आणि टाटा यांनी भागीदारीत जमशेदपूरजवळ गोलमुरी येथे पत्र्याचा स्वतंत्र कारखाना उभारण्याची तजवीज केली. 1928 मध्ये बर्मा-शेल कंपनी अस्तित्वात आली, तेव्हा घासलेटाचा डबा हे हिंदुस्थानातील घरोघरचे भांडे होऊन बसले होते.

रिकाम्या डब्याचे आपल्याकडे काय काय होई हे मराठी वाचकास सांगायला नको. त्याला लाकडी दांडी ठोकून पाणी भरत, त्यात धान्य साठवत, कापून छपरावर ठोकत, आणि चाळीतल्या गॅलरीत त्यात तुळसही लावत. बंगालमध्ये त्याला याहून उच्च पद मिळाले: तो चूल झाला. डब्याच्या किंवा जुन्या लोखंडी बादलीच्या एका अंगास तळाशी हात जाईल एवढे तोंड कापायचे, त्याच्या वर चार-सहा लोखंडी सळया आडव्या बसवायच्या, आणि आतून-बाहेरून मातीचा जाड थर देऊन काठावर भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे काढायचे, म्हणजे ‘तोला उनुन’, अर्थात उचलून नेता येणारी चूल, सिद्ध झाली. गंगेच्या गाळाची चिकण माती एकटी वापरली तर वाळताना तडे जातात, म्हणून तीत भाताचा तूस, शेण, आणि तागाच्या मुलखात सहज मिळणारे तागाचे तुटके तंतू मळून घालीत. कलकत्त्याच्या कुमारटोळीतले मूर्तिकार देवीच्या मूर्तीला जो मसाला वापरतात, त्याचीच ही गरीब बहीण.

आणि येथेच बुरशीचा प्रश्न जन्म घेतो. शुद्ध भाजलेल्या मातीला बुरशी खात नाही, कारण तीत खाण्याजोगे काही नसते. परंतु तूस, शेण, तागाचे तंतू, उतू गेलेली भाताची पेज, मासे तळताना उडालेले मोहरीचे तेल, हा सर्व बुरशीचा शिधा होय. शिधा तयार असला तरी पाण्यावाचून तिचे चालत नाही, आणि ते पाणी बजबजच्या हवेत जुलैपासून सप्टेंबरपर्यंत हवे तेवढे असते: नदी एका बाजूला, भातखाचरे व तळी दुसऱ्या बाजूला, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे शेकडा 80 च्या वर. सच्छिद्र माती ही आर्द्रता शोषते, जमिनीवर ठेवलेली चूल तळाकडूनही ओल ओढते, आणि लाकडाची किंवा गोवरीची राख आत राहिली असेल तर तिच्यातील क्षार हवेतले पाणी खेचून घेऊन तिचा चिखल करतात, ज्यात सळया गंजतात आणि वरची माती कधी कोरडी होत नाही. रोज पेटणाऱ्या चुलीला यांपैकी कशाचेच भय नाही. बुरशीचा जीव साठ-सत्तर अंश उष्णतेत जातो, आणि कोळशाच्या चुलीचा गाभा त्याच्या अनेकपट तापतो. भय आहे ते दोन आगींमधल्या अवकाशाचे. कुटुंब गावी गेले, घरात सुतक आले, किंवा कोळसा संपला, की चार दिवसांत पांढरी-हिरवी लव चुलीच्या पोटात दिसू लागे.

यावरचा बंगाली गृहिणीचा उपाय कोणत्याही पुस्तकातून आला नव्हता, आणि बारकाईने पाहिले तर त्यात धुण्याला स्थानच नाही. ओल्या मातीला आणखी पाण्याने धुणे हा कामाचा देखावा झाला असता. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर अर्धवट जळालेले निखारे चिमट्याने बाहेर काढून, पाण्याचा हबका मारून विझवून, वेगळ्या पसरट भांड्यात वाळत टाकीत, कारण ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उपयोगी पडत. म्हणजे इंधन चुलीत मुक्कामाला राहत नसे. सकाळी राख तळाच्या तोंडातून ओढून काढीत, आणि ती भांडी घासायला वापरीत. मग पातळ मातीचा किंवा मातीशेणाचा हात चुलीवरून फिरवीत, ज्याला तेथे ‘निकानो’ म्हणतात आणि आपल्याकडे सारवण किंवा पोतेरे. हे सारवण रोजच्या आगीत लगेच भाजून निघे, त्यामुळे आदल्या दिवसाचे तेल आणि पेज नव्या थराखाली जळून जाई. चूल दोन विटांवर ठेवीत, म्हणजे खालून हवा खेळे. उन्हाचा कवडसा पडला की तोला उनुन उचलून अंगणात नेता येई, हा त्या डब्याचा मोठाच फायदा, जो जमिनीत बसवलेल्या जुन्या चुलीला नव्हता. आणि तोंडे, खालचे व वरचे, कधीही बंद करीत नसत. झाकण ही वस्तूच त्या चुलीच्या सरंजामात नव्हती, याकडे वाचकाने लक्ष ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हा डबा ज्या इंधनासाठी बनला ते इंधनही तसे नवेच होते. 1855 मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे हावड्याहून राणीगंजपर्यंत पोहोचली आणि खाणींतला कोळसा कलकत्त्याच्या दाराशी आला. आधी तो बोटींच्या, मग गिरण्यांच्या भट्ट्यांत गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुंदरबनातल्या लाकडाशी भावात बरोबरी करू लागल्यावर स्वयंपाकघरात शिरला. कच्चा दगडी कोळसा धुराने घर भरून टाकतो, म्हणून राणीगंज व झरिया भागांत तो उघड्यावर ढिगांत अर्धवट जाळून, त्यातील डांबर व धूर काढून, घरगुती वापराचा ‘सॉफ्ट कोक’ तयार होऊ लागला, आणि त्याचा प्रसार व्हावा म्हणून 1929 मध्ये त्यावर उपकर बसवणारा स्वतंत्र कायदाही करण्यात आला. आपल्या प्रचाराचा खर्च त्या मालाने स्वतःच सोसावा, ही कल्पना हिशेबी डोक्याची खरीच. ज्यांना कोकही परवडत नसे ते कोळशाची भुकटी माती, शेण आणि पेज यांत मळून तिचे गोळे, म्हणजे ‘गुल’, छपरावर वाळवीत. बजबज, बिर्लापूर आणि त्या टापूतल्या तागाच्या गिरण्यांभोवतीच्या चाळींत बिहार, ओरिसा, संयुक्त प्रांत आणि तेलुगू मुलुखातून आलेली माणसे राहत, आणि संध्याकाळची पाळी सुटायच्या सुमारास प्रत्येक दारापुढे एकेक उनुन धुमसत असे. तळाशी गोवरीचे तुकडे, वर कोळसा. धूर ओसरून निखारे लाल झाले की चूल आत न्यायची. हिवाळ्यात हा धूर जमिनीलगत साचून राही, आणि पावसाळ्यात ओलसर गुल पेटता पेटत नसल्याने तो दुप्पट होई.

या धुरावर सरकारचे लक्ष गेले ते अर्थात स्वयंपाकघरामुळे नव्हे. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत राजधानीचे आकाश काळे होत असल्याची ओरड वाढली, लीड्सहून फ्रेडरिक ग्रोव्हर या धूरतज्ज्ञास पाचारण करण्यात आले, आणि 1905 मध्ये बंगालचा धूर-उपद्रवाचा कायदा मंजूर झाला. ‘भट्टी’ या शब्दाच्या व्याख्येतून त्याने दोन आगी वगळल्या: मृतदेह जाळण्याची, आणि खासगी घरातली घरकामाची. मुंबई इलाख्याचा असाच कायदा 1912 साली झाला. चिता आणि चूल या दोन ठिकाणी सरकारी अंमल पोहोचू नये, यात धर्मभावनेचा आदर होता, प्रशासकीय शहाणपण होते, आणि कदाचित नुसती हतबलताही होती. लाखो चुलींची तपासणी करायला निरीक्षक कोठून आणणार?

योगायोग असा, की ज्या वर्षी सरकारने चुलीला सोडून दिले, त्याच वर्षी बंगालने आपल्या चुली स्वतःहून विझवल्या. 16 ऑक्टोबर 1905 रोजी वंगभंग अंमलात आला, आणि त्या दिवशी घरोघरी ‘अरंधन’ पाळावे, अग्नी पेटवू नये, ही सूचना रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांनी केली. त्याच दिवशीच्या राखीबंधनाची कल्पना रवींद्रनाथांची, ती सर्वांच्या स्मरणात राहिली. अरंधनाची त्रिवेदींची, ती मागे पडली. रिपन कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन शिकवणाऱ्या या विद्वानाने राजकीय निषेधासाठी स्त्रियांच्या व्रताचा साचा निवडावा, आणि ‘बंगलक्ष्मीर व्रतकथा’ हे छोटेखानी पुस्तक खास त्यासाठी लिहावे, ही घटना मला त्या वर्षातील अनेक भाषणांहून अधिक अर्थपूर्ण वाटते. सभेला न जाणाऱ्या, वृत्तपत्र न वाचणाऱ्या स्त्रीच्या हाती एकच सार्वभौम सत्ता होती, ती चुलीवरची, आणि त्रिवेदींनी नेमकी तीच ओळखली.

ही कल्पना त्यांना आकाशातून सुचली नव्हती. दक्षिण बंगालात, विशेषतः बजबज ज्या जिल्ह्यात तेव्हा मोडत असे त्या चोवीस परगण्यांत, भाद्रपद संक्रांतीला अरंधन पाळण्याची वहिवाट जुनी आहे. आदल्या रात्री स्वयंपाक करायचा: भात शिजवून पाण्यात घालायचा, अळूची भाजी, नारळाची व भाज्यांची तळणे, करमळीच्या फळाची डाळ, ज्यांना परवडेल त्यांनी हिलसा मासा. मग चूल पूर्ण रिकामी करून, झाडून, सारवून, तिच्यावर तांदळाच्या पिठाची आल्पना काढायची, आणि मनसादेवीची म्हणून थोराच्या जातीची एक फांदी चुलीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी अग्नी नाही; सर्वांनी पाण्यातला गार भात खायचा. मनसा ही सापांची देवता, आणि पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्याने साप ऊबदार, कोरडी जागा शोधीत घरात येतात, तेव्हा रिकाम्या चुलीच्या पोटाइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी कोणती मिळणार? त्याच दिवशी विश्वकर्मा पूजा असते. म्हणजे सप्टेंबरच्या 17 तारखेच्या सुमारास बजबजच्या गिरण्यांत यंत्रांना हार घालून थांबवीत आणि घरांत चुलीला आल्पना काढून थांबवीत. नवऱ्याचे यंत्र व बायकोचे यंत्र, दोघांनाही एकाच दिवशी रजा.

महाराष्ट्रास हे अपरिचित नाही. श्रावण शुद्ध सप्तमीची आपली शिळासप्तमी याच कुळातली. आदल्या दिवशी रांधायचे, सप्तमीला चूल पेटवायची नाही, शिळे खायचे. गुजरातेत श्रावणातच रांधणछठ व शीतळा सातम येतात. देवता भिन्न, कथा भिन्न, पण चूल पूर्ण थंड करून, साफ करून, सारवून ठेवण्याचा दिवस आपल्याकडे आणि गुजरातेत पावसाच्या भरात, आणि चोवीस परगण्यांत पावसाच्या अखेरीस पडावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मात्र येथे एका सर्वसामान्य मोहाला आवर घालणे अवश्य आहे. पूर्वजांना बुरशीचे शास्त्र ठाऊक होते आणि त्यांनी ते व्रताच्या वेष्टनात गुंडाळून ठेवले, असे म्हणणे सोपे आहे आणि आजकाल फार लोकप्रियही आहे. पण बंगालमध्येच माघात, सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी, शीतलषष्ठीलाही अग्नी वर्ज्य असतो, आणि त्या दिवसांत हवा कोरडी असते. व्रत ओलीमुळे निर्माण झाले नाही. एवढेच म्हणता येईल, की वर्षातून एकदा तरी चुलीचे पोट पूर्ण रिकामे करून डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग व्रताने आणला, आणि तो पावसाळ्यात आला तेव्हा गृहिणीने त्याचा तिच्या अनुभवाने उपयोग करून घेतला. रोजच्या सारवणाखाली जी राख सळयांच्या कोपऱ्यांत साचते, जे तडे आतून गेलेले असतात, ते चूल गरम असेपर्यंत दिसत नाहीत. थंड चुलीत हात घालता येतो.

चुलीचा शेवट करणाऱ्या पदार्थांपैकी पहिला बजबजच्याच धक्क्यावरून आला, ही नियतीची थट्टा म्हणावी लागेल. आरंभी दिव्यासाठी आलेले घासलेट पितळी स्टोव्हमध्ये पोहोचले. 1965 साली इंडेनच्या गॅसची पहिली जोडणी कलकत्त्यात दिली गेली. आणि डब्याची मातीची चूल हळूहळू चहाच्या टपऱ्यांपुरती, भुईमुगाच्या शेंगा भाजणाऱ्यांपुरती आणि लग्नाच्या आचाऱ्यांपुरती उरली. अरंधन मात्र उरले. अनेक घरांत आता गॅसच्या शेगडीलाच पुसून तिच्यावर मनसादेवीची फांदी ठेवतात.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच सुमारास मातीची चूल नव्या ऐटीने परतत होती. जपानमध्ये भात शिजवण्याची ‘मुशिकमादो’ नावाची, वर घुमटासारखे झाकण असलेली मातीची चूल होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती घरी नेली, आणि 1974 मध्ये एड फिशर याने अटलांटा शहरात ‘बिग ग्रीन एग’ या नावाने तिचा व्यापार मांडला. पुढे साध्या मातीऐवजी उच्च उष्णता सोसणारे सिरॅमिक आले, आणि ही हिरव्या अंड्यासारखी शेगडी श्रीमंतांच्या अंगणांत मांस भाजण्यासाठी रूढ झाली. रचनेत ती तोला उनुनाची सख्खी बहीण आहे: जाड, सच्छिद्र भिंत, तळाशी हवेचे तोंड, मध्ये जाळी, खाली राख. फरक एकाच गोष्टीचा, आणि तो म्हणजे झाकण. आग विझवण्यासाठी मालक वरचे व खालचे अशी दोन्ही तोंडे बंद करतो, कोळसा वाचतो म्हणून खूश होतो, आणि मांसाची वाफ, चरबी, उरलेले कोळसे व राख यांना एकत्र कोंडून निघून जातो. पंधरा दिवसांनी झाकण उघडतो तेव्हा आत बुरशीचे संपूर्ण संस्थान वसलेले असते, आणि तो कारखानदाराला दोष देतो. बंगाली गृहिणीच्या चुलीला हा रोग इतका सहज होत नसे याचे कारण तिचे ज्ञान अधिक होते असे नाही. तिच्या चुलीला झाकणच नव्हते, आणि तिला कोळसा वाचवायचा असला तरी तो चुलीबाहेर वाचवण्याची सवय होती.

म्हणून कोणी अशी झाकणाची, कमादो जातीची शेगडी कलकत्त्याच्या किंवा कोकणाच्या हवेत बाळगत असेल, तर त्याने बजबजच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे वागावे हे बरे. आग पूर्ण विझून शेगडी थंड झाल्यावर उरलेले कोळसे बाहेर काढून कोरड्या डब्यात ठेवावेत, राख पुसून काढावी, जाळीवरची चरबी खरवडावी, शेगडी आडोशाखाली पण जमिनीपासून उंच ठेवावी, आणि खालचे तोंड व वरची चकती बोटभर उघडी ठेवावी. वर कापडी आच्छादन घालायचेच असेल तर ते ओल्या अंगावर घालू नये. बुरशी आलीच तर आधी नाकातोंडावर फडके बांधून कोरड्या ब्रशाने ती झाडावी, आतला कोळसा टाकून द्यावा, साबण लावू नये, कारण सच्छिद्र भिंत तो पिऊन बसते आणि पुढच्या स्वयंपाकात परत देते. मग थोडा नवा, कोरडा कोळसा पेटवून आधी तासभर मंद आच द्यावी, आणि भिंतीतली ओल निघून गेल्यावरच आग वाढवावी. ओलसर सिरॅमिक एकदम तापवले तर आतल्या पाण्याची वाफ वाट शोधते आणि आगीचे भांडे चिरते. नव्या उनुनाची पहिली आग गोवरीची, बारीक आणि बराच वेळ चालणारी ठेवीत, ती याचसाठी.